कोट घातलेलं अंजीर

आमच्या गल्लीत थंडी आली हे पानांवरून कळत नाही, हवामान खात्यावरून तर नाहीच नाही. ते कळतं म्हाताऱ्यांवरून. ऑक्टोबर निम्मा सरला की टोरांटोच्या या पश्चिमेकडच्या भागात प्रत्येक घराच्या मागच्या अंगणात एकेक इटालियन म्हातारा येऊन उभा राहतो आणि हात मागे बांधून आपल्या अंजिराच्या झाडाकडे बघत बसतो. अंजिराला इथली थंडी सोसत नाही. तशी ती कुणालाच सोसत नाही, पण माणसं कुरकुर करत का होईना मार्चपर्यंत टिकतात आणि अंजीर मुकाट्याने मरतं. म्हणून या गल्लीत माणसांपेक्षा अंजिराची काळजी जास्त घेतात.

मी या घरात घरजावई आहे. सासूबाई गेल्या तेव्हा माझी बायको लोरेदाना म्हणाली, "पापा एकटे कसे राहतील?" आणि आम्ही आमचा फ्लॅट सोडून इथे आलो. पापा एकटे अगदी मजेत राहिले असते हे पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, पण तोवर फ्लॅट विकला गेला होता. या घरातली मानाची उतरंड अशी: आधी अंजीर, मग लोरेदाना, मग टोमॅटोचा रस आटवायचं मोठं पातेलं आणि मग मी. तरी पातेल्याला आणि मला वर्षातून एकदाच बाहेर काढतात, हे साम्य मला नेहमी जाणवतं.

माझे सासरे सावेरिओ हे इटलीच्या दक्षिण टोकाच्या कालाब्रियातल्या डोंगरावरच्या एका गावचे. त्यांच्या गावाची पद्धत झाड पुरायची. म्हणजे मुळांची एक बाजू खणून मोकळी करायची, फांद्या दोराने आवळून बांधायच्या, शेजारी लांबलचक चर खणायचा आणि झाड हळूहळू वाकवून त्यात आडवं झोपवायचं. वर फळ्या, फळ्यांवर पालापाचोळा, त्यावर माती. ईस्टरच्या सुमारास उकरून पुन्हा उभं करायचं. माझे वडीलही इटलीचेच, पण मधल्या आब्रुत्सो प्रांतातले. आमच्यात झाड उभंच ठेवून जुन्या चादरी नि गालिचे गुंडाळतात आणि डोक्यावर बादली उपडी घालतात. मी पहिल्यांदा या घरी जेवायला आलो, तेव्हा पापांनी मला नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. विचारलं, "तुमच्यात अंजीर पुरतात की गुंडाळतात?" मी खरं ते सांगितलं. त्यानंतर पापांनी ताटातली नजर वर केली नाही.

आता झाड झोपवायला दोन माणसं लागतात. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने दोर धरून आवरायचं. पूर्वी हे दुसरं माणूस म्हणजे डावीकडच्या घरातले जेझुआल्दो. दोघं एका गावचे, एका बोटीने आलेले, आणि पुढे एकमेकांवर लक्ष ठेवता यावं म्हणून शेजारी शेजारी घरं घेतलेले. दोघांची अंजिरंही गावच्या एकाच झाडाच्या फांद्यांपासून झालेली. सकाळी पापांचं झाड झोपवायचं, मग भरपेट जेवण आणि घरची वाइन, आणि दुपारी जेझुआल्दोंचं झाड झोपवायचं. जेझुआल्दोंचं झाड दरवर्षी थोडं वाकडं झोपायचं म्हणतात.

मग एकदा चर्चच्या जेवणावळीत, सगळ्यांच्या देखत, पापा म्हणाले, "जेझुआल्दोची अंजिरं अलीकडे पाणचट लागतात." जेझुआल्दो हातातला काटा ठेवून उठले आणि म्हणाले, "पाणचट असतील, पण माझ्या बापाच्या झाडाची आहेत. तुझ्या बापाने फांदी चोरून नेली होती."

बापाचं नाव चोरीत घेतलं! झालं. त्या दिवसापासून सात हिवाळे दोघांत एक शब्द नाही. कुंपण कमरेएवढं, पण पलीकडे समुद्र असावा असं दोघं वागायचे. त्या सात हिवाळ्यांत दोर धरायला मी होतो. माझं काम दोनच गोष्टींचं, दोर धरणं आणि बोलणी खाणं. त्यातलं दुसरं मला बरं जमतं असं पापांचं मत होतं.

यंदा सप्टेंबरात पापांचा खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही, ढकलायचं नाही असं बजावलं. पापांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "मग पुरायचं कुणी?" डॉक्टरांना वाटलं, भूल अजून उतरलेली नाही. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून ते बसले आणि मला बोलावून घेतलं.

"रेनातो, झाड तुझ्या हातात आहे."

"काळजी करू नका, पापा."

"काळजी नाही, मला भीती वाटते. तुझ्या सासूच्या हातची या घरात आता एवढी एकच वस्तू उरली आहे. ती रोज भांडी विसळलेलं पाणी त्याला घालायची." ते खिडकीबाहेर बघत होते. "ते यंदा गेलं तर..." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि त्या माणसाला हाक मारायची नाही. मी मेलो तरी नाही."

मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी माझी स्वतःचीही आली, कारण कुदळ कुठे ठेवली आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मी विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासतो. कुणाच्या छपरावर फांदी पडली, कुणाचं तळघर तुंबलं, कुणी शिडीवरून पडलं आणि शिडीवर दावा लावला, हे दिवसभर वाचायचं. त्यामुळे कामाला हात घालण्यापूर्वी त्यातून काय काय मोडू शकतं हे मला आधी दिसतं, आणि ते दिसलं की हात आपोआप मागे येतो. लोरेदाना याला आळस म्हणते. अशा माणसाने त्या संध्याकाळी इंटरनेटवर जे शोधायचं तेच मी शोधलं: कमी कष्टात अंगण हिवाळ्यासाठी कसं तयार करावं.

एका व्हिडिओत एक हसरे गृहस्थ सापडले. त्यांची विजार शेवटपर्यंत स्वच्छ होती. ते सांगत होते, पानं गोळा करू नका, ते जमिनीचं पांघरूण आहे. वाळलेले दांडे कापू नका, त्यांत किडे झोपतात. माती उकरू नका, तिला विश्रांती हवी असते. मी तीनदा पाहिलं. आयुष्यभर मी जे करत आलो त्याला पर्यावरण म्हणतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

रविवारी मी त्याप्रमाणे कामाला लागलो. बाहेरचा नळ बंद केला, पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवला, बार्बेक्यूवर ताडपत्री टाकली आणि पानांच्या मध्यभागी खुर्ची टाकून बसलो. उजवीकडच्या घरात दोना लुर्देस नावाच्या पोर्तुगीज बाई राहतात. त्या कुंपणावरून बघत होत्या.

"रेनातो, बाळा, पानं पडलीत रे."

"मुद्दाम ठेवली आहेत. जमिनीला पांघरूण."

"अस्सं," त्या म्हणाल्या. जरा वेळाने गरम सूपचं भांडं घेऊन दारात हजर. लोरेदानाला हळूच विचारत होत्या, "नोकरी तर गेली नाही ना त्याची? माझ्या दिराचंही असंच सुरू झालं होतं. आधी पानं, मग दाढी."

आता राहिलं अंजीर. इथे माझा पेशा आडवा आला. जमीन खणायच्या आधी एक फोन करावा लागतो, मग माणूस येऊन खाली कुठली वाहिनी आहे ते आखून देतो, असा नियम आहे. गल्लीत हा नियम पाळणारा पहिला माणूस मी असणार, कारण तो माणूस आला तेव्हा अंगणाअंगणातून लोक बघायला उभे राहिले. त्याने एक यंत्र फिरवलं, पिवळा रंग फवारला, छोटी छोटी निशाणं रोवली. निशाणं आमच्या मागच्या दारापासून निघाली, टोमॅटोचा वाफा ओलांडून गेली आणि पापा दरवर्षी ज्या जागी चर खणायचे बरोबर त्याच्या मधोमध जाऊन थांबली.

"गॅसची वाहिनी आहे," तो म्हणाला. "यंत्र लावायचं नाही. कुदळ तर अजिबात नाही. खणायचंच झालं तर हाताने, छोट्या खुरप्याने, हळूहळू."

मी आत जाऊन चेहरा गंभीर ठेवत पापांना सांगितलं. आत कुठेतरी एक घंटा आनंदाने वाजत होती, ती त्यांना ऐकू जाऊ नये अशी काळजी घेतली.

"मी इतकी वर्षं तिथेच कुदळ मारतोय!" पापा ओरडले. "कुठे काय उडालं?"

"उडालं नाही हे नशीब म्हणायचं, पापा. कायदा आहे."

"कायदा झाडाला थंडी वाजू नये म्हणून काय करतो?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते द्यायची वेळ मी इतकी वर्षं शोधत होतो. "गुंडाळायचं," मी म्हणालो.

पापांनी डोळे मिटून घेतले. बराच वेळ मिटलेलेच होते. लोरेदानाने जाऊन श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

गुंडाळायचं ठरल्यावर बातमी पसरायला वेळ लागला नाही आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. टपाल टाकणारा म्हणाला, प्लॅस्टिक लावू नका, आतून घाम येतो. औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली, प्लॅस्टिकच लावा, तिच्या मामाने लावलं होतं. झाडाचं काय झालं, तर ते तिला आठवत नव्हतं, मामा गेले एवढं आठवत होतं. दोना लुर्देसनी तळघरातले तीन जुने गालिचे आणून आमच्या पुढच्या हिरवळीवर टाकले आणि वर म्हणाल्या, "परत नको हं." ते तिथे असतानाच नगरपालिकेचे टेलफर नावाचे निरीक्षक गल्लीतून गेले. टेलफर हे शांत, उंच, नेहमी ओठ मिटून हसणारे गृहस्थ. कचरा उघड्यावर साठवल्याबद्दल त्यांनी मला समज दिली.

"हा कचरा नाही. हे पांघरूण आहे," मी म्हणालो.

"कुणाचं?"

"झाडाचं."

टेलफर पानांनी भरलेल्या अंगणाकडे बघून म्हणाले, "आणि ते?"

"ते जमिनीचं."

त्यांनी माझ्याकडे दोना लुर्देससारखंच पाहिलं. सूप मात्र दिलं नाही.

गालिचे बांधायला लागल्यावर कळलं की त्यांवर दोना लुर्देसच्या दिवंगत मांजरांची पूर्ण कारकीर्द जिरलेली आहे. पहिल्याच संध्याकाळी गल्लीतली सगळी मांजरं अंजिराभोवती जमली आणि आळीपाळीने त्यावर आपापली सही करू लागली. वास झाकायला वरून काहीतरी जाड हवं होतं. लोरेदानाने चर्चला द्यायच्या कपड्यांच्या पिशवीतून पापांचा जुना काळा ओव्हरकोट काढला. "पापांना आता जड होतो," ती म्हणाली. कोट झाडाला बरोबर बसला. बाह्या रिकाम्या लोंबत होत्या त्यांतून थंडी शिरेल म्हणून मी त्यांत पानं ठासली. डोक्यावर बादली घातली, ती वाऱ्याने दोनदा उडाली म्हणून वरून पापांची लोकरीची कानटोपी ओढून घेतली आणि दोर आवळला. फांद्यांपासून निघणारा एक दोर मोकळा राहिला, तो मागे खुंटीला बांधला. लांब जाऊन पाहिलं. मला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हातचं काम आवडलं.

आतून पापांचा आवाज आला. "तिथे कोण उभं आहे?"

"झाड आहे, पापा."

"माझा कोट घालून?"

लोरेदाना भांडी फार जोरात विसळू लागली. पापा निरखून पाहत म्हणाले, "हुबेहूब मी. आणि उभा कुठे आहे? त्या माणसाच्या कुंपणाशी! लोक काय म्हणतील? सावेरिओ भीक मागायला उभा राहिला! काढ ते."

"आज कडक थंडी पडणार आहे, पापा. काढलं तर जाईल ते."

झाडाचं नाव काढल्यावर ते नरमले. "रविवारपर्यंत," म्हणाले. "रविवारी दुसरं काहीतरी बघ."

रविवार यायच्या आत लोक काय म्हणतात ते कळलं. चर्चमधून फादरचा फोन आला, आजारी माणसाला ताज्या हवेची गरज असते हे खरं, पण किती? टेलफर पुन्हा आले. कुणीतरी कळवलं होतं की या घरी ऑपरेशन झालेल्या वृद्ध गृहस्थांना दिवसभर अंगणात उभं करून ठेवतात. मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. पापा वांग्याची भाजी नि पाव खात होते. टेलफरनी एकदा त्यांच्याकडे, एकदा खिडकीबाहेर पाहिलं.

"तुम्ही खुशाल आहात ना?" त्यांनी विचारलं.

"मी खुशाल आहे," पापा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "याला बघा."

हे सगळं चालू असताना एक माणूस रोज सकाळी डावीकडच्या घरातून बाहेर येत होता. जेझुआल्दोंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख पुढे पुढे जात होती. ते कुंपणाच्या पलीकडे येऊन उभे राहायचे, आमच्या अंगणातल्या काळ्या कोटाकडे बघायचे, तोंड उघडायचे, मिटायचे आणि पाय ओढत आत बायकोकडे, फिलोमेनाकडे परतायचे. मला वाटलं, हसायला येतात. त्यांच्या डोक्यात झाड येणं शक्यच नव्हतं, हे मला नंतर उमगलं. सावेरिओचं अंजीर हिवाळ्यात जमिनीखालीच असणार. गुंडाळणाऱ्यांना सावेरिओने जन्मभर नावं ठेवली. तेव्हा त्या जागी, त्या कोटात, त्या टोपीत जो उभा आहे तो सावेरिओच. झाड पापांपेक्षा वीतभर उंच होतं, पण जेझुआल्दोंनी सात वर्षं त्यांच्याकडे सरळ पाहिलंच कुठे होतं?

शनिवारी सकाळी मी झाडामागे ओणवा होऊन सैल झालेला दोर पुन्हा खुंटीला बांधत होतो. लोरेदाना मिरच्या तळत होती म्हणून स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि पापा तिथेच बसले होते. कुंपणापलीकडे पावलं वाजली आणि थांबली.

"सावेरिओ."

मी दोर हातात तसाच धरून राहिलो. मी तिथे आहे हे त्यांना दिसत नव्हतं, आणि आता उठलो असतो तर ते जागीच कोसळले असते, असा माझ्यातल्या विमावाल्याने हिशेब केला.

"सावेरिओ, आठवडाभर बघतोय तुला. खुबा नवा, अंगात ताकद नाही, आणि तू इथे माझ्यासाठी थंडीत उभा राहतोस. मी रोज ठरवतो आज बोलेन, आणि रोज आत जातो. फिलोमेनाने मला कुत्र्यासारखं झापलं. म्हणाली, तो पांगळा तिथे उभा आहे आणि तुझे दोन्ही पाय धड असून तुझी जीभ लुळी."

आमच्या स्वयंपाकघरातला चमच्याचा आवाज बंद पडला.

"तुझ्या बापाने काही चोरलं नाही," जेझुआल्दो म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "माझ्या बापाने स्वतः कापून दिली फांदी. पोत्यात ओली माती घालून दिली. पोतं मी धरलं होतं, सावेरिओ. मी तिथे होतो. सगळ्यांच्या समोर तू माझी अंजिरं पाणचट म्हणालास, आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. माझी चूक झाली. बोल काहीतरी."

झाड काय बोलणार? मी काय बोलणार? मी त्यांच्यासाठी आणि पापांसाठी इतका कासावीस झालो होतो की हातातला दोर आपोआप ओढला गेला. कानटोपी पुढे झुकली आणि मागे आली. अंजिराने मान हलवली.

"असं नुसतं मान हलवू नकोस रे!" म्हातारा आता उघड उघड रडत होता. "जा आत. गारठशील. झाड पुरलंस ना? कुणाला घेऊन पुरलंस? त्या जावयाला? तो आब्रुत्सोवाला? त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही. मला एक हाक मारायची होतीस."

मी बुटाकडे पाहिलं. नाडी सुटलेली होती. एवढ्यात जेझुआल्दोंनी कुंपणावरून हात पुढे केला आणि कोटाची बाही धरली. धरली, जवळ ओढली, दाबली, आणि प्रेमाने हलवली. आतली पानं करकरली आणि मुठीमुठीने त्यांच्या बुटांवर पडू लागली. बाही त्यांच्या हातात चपटी झाली.

"सावेरिओ?" ते घाबरून म्हणाले. "सावेरिओ, काय केलंय त्यांनी तुला?"

"हात सोड त्याचा, जेझुआल्दो!"

पापा मागच्या दारात उभे होते. वॉकर आत राहिला होता. एका हाताने त्यांनी चौकट धरली होती, दुसऱ्याने मिरच्यांनी माखलेल्या लोरेदानाचा खांदा. घरात एकेक पायरी उतरताना कण्हणारा माणूस तीन पायऱ्या उतरून खाली आला. जेझुआल्दो आवाजाकडे वळले, मग कोटाकडे, मग पुन्हा आवाजाकडे. दोन सावेरिओंच्या मध्ये ते कितीतरी वेळ उभे होते.

"मग हा कोण?"

"अंजीर आहे," पापा म्हणाले.

आता खैर नाही, असं मला वाटलं. सात वर्षं ज्याच्याशी अबोला धरला त्याच्याऐवजी एका झाडाची माफी मागितली, असं कळल्यावर कुणीही माणूस घरात जाऊन दार लावून घेईल आणि मरेपर्यंत उघडणार नाही. मी झाडामागून उठलो. काय बोलावं ते माहीत नव्हतं, पण सगळा दोष माझा आहे असं सांगायचं ठरवलं होतं. त्याची गरज पडली नाही. जेझुआल्दोंनी कोटाच्या आत हात घातला, गालिचा चाचपला, वास घेतला आणि त्यांचा चेहरा रागाने काळानिळा झाला.

"गुंडाळलंस?" ते किंचाळले. "माझ्या बापाच्या झाडाला गुंडाळलंस? आब्रुत्सोवाल्यांसारखं?"

"मी नाही!" पापांनी माझ्याकडे बोट केलं. "याने!"

सात वर्षांनी ते दोघं प्रथमच एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला मी होतो.

पुढे जे झालं त्यात माझं मत कुणी विचारलं नाही. कोट उतरवला, गालिचे उतरवले, मांजरांना हाकललं. गॅसवाहिनीबद्दल मी कायदा सांगितला, तेव्हा जेझुआल्दोंनी विचारलं, "हाताने खणायला बंदी आहे?" मी नाही म्हणालो. तेवढं त्यांना पुरलं. फिलोमेनाने टोमॅटोच्या रोपांचं छोटं खुरपं आणून दिलं. कुंपणाशी दोन खुर्च्या मांडल्या गेल्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. त्यांवर दोन म्हातारे बसले, लोरेदानाने तळलेल्या मिरच्या आणि पाव पुढे ठेवला, घरची वाइन आली, आणि मी पिवळ्या निशाणांच्या मधे गुडघे टेकून खुरप्याने चर खणायला लागलो. इंटरनेटवरचे ते हसरे गृहस्थ म्हणाले होते की मातीला विश्रांती हवी असते.

"डावीकडे घे," पापा म्हणायचे.

"उजवीकडे," जेझुआल्दो म्हणायचे. "हा माती खणतोय की खाजवतोय?"

चार वाजायला आले तेव्हा मी चरात गुडघ्यापर्यंत होतो. जेझुआल्दोंचा ग्लास रिकामा झाला होता. ते हळूच म्हणाले, "मी बोललो. तू ऐकलंस. आता तूही काहीतरी बोल की रे."

पापांनी बाटली उचलून तो भरला. त्यांना माफी मागता येत नाही, हे मला माहीत होतं. लग्नात माझ्या आईने सारण भरून केलेल्या साडेसातशे रावियोलींना त्यांनी 'भुकेला चालतील' म्हटलं होतं, आणि तेसुद्धा अजून मागे घेतलेलं नाही.

"तुझी अंजिरं," ते अखेर म्हणाले, "पाणचट नाहीत. तेव्हाही नव्हती. आताही नाहीत."

"आताचं तुला काय माहीत? सात वर्षं तू चाखलीस कुठे?"

पापांनी मान खाली घातली. मी खुरपं थांबवलं.

"रोज," पापा म्हणाले. "तुम्ही दोघं सकाळच्या प्रार्थनेला गेलात की. कुंपणावरून हात घालून. पिकलेली तेवढीच. एखाददुसरं."

जेझुआल्दो खुर्चीत ताठ झाले. फिलोमेनाने छातीवर क्रुसाची खूण केली. सात वर्षांपूर्वी जेवणावळीत बापाचं नाव घेऊन जे म्हटलं होतं, ते मुलाने सात उन्हाळे रोज सकाळी केलं होतं, आणि आता आपल्या तोंडाने सांगत होता, कारण माफी मागायची दुसरी वाट त्याला सापडत नव्हती.

"मी खारींसाठी पिंजरा लावला," जेझुआल्दो अतिशय हळू म्हणाले. "सात वर्षं खारींना शिव्या दिल्या. एकीला तर दगडसुद्धा मारला."

"लागला?"

"नाही."

"मग झालं तर," पापा म्हणाले.

जेझुआल्दोंच्या पोटातून आधी खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला आणि मग ते इतके हसले की खुर्ची कलली. पापाही हसत होते, खुब्याला हात लावून. नंतर दोघांनी डोळे पुसले, आणि नजरेत मी आलो.

"तू कशाला थांबलास?" दोघं एकाच वेळी ओरडले. "खण!"

मी खणायला लागलो.